अंध आणि अल्पदृष्टी प्रेक्षकांसाठी डिजिटल टीव्ही: कोल्हापुरातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात टीव्ही आहे, सेटटॉप बॉक्स आहे, पैसे वेळेवर भरले जातात, तरी चॅनेल बदलायला दुसऱ्या कुणाची तरी वाट बघावी लागते. शिवाजी पेठेपासून कळंब्यापर्यंत अनेक घरांतली अडचण हीच आहे. अंध मंडळी, त्यांच्या घरचे लोक आणि काही केबल चालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

अंध माणसाला टीव्हीचा काय उपयोग? रेडिओ आहे की.

रेडिओ आहेच, आणि आकाशवाणीचे श्रोते असलेले कितीतरी अंध लोक कोल्हापुरात आहेत. पण संध्याकाळी घर टीव्हीपुढे बसतं. मालिकेतल्या सुनेवर स्वयंपाकघरात चर्चा होते, मॅचवर कट्ट्यावर वाद होतात, बातम्या सगळे मिळून ऐकतात. त्यातून एका माणसाला रेडिओ देऊन वेगळ्या खोलीत बसवणं हा तोडगा होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधित व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. ही माणसं इतरांइतकेच पैसे भरतात, आणि टीव्हीतला बराचसा आशय आवाजातच असतो. अडतं ते त्या आवाजापर्यंत पोहोचण्यात.

जुना टीव्ही आमचे अण्णा एकटे चालवायचे. बॉक्स आल्यावरच जमेनासं का झालं?

जुन्या केबलला चॅनेल मोजके होते आणि त्यांचा क्रम पाठ होता. बटण दाबलं की लगेच आवाज बदलायचा, आणि त्या आवाजावरून आपण कुठे आहोत ते कळायचं. केबलच्या डिजिटायझेशनच्या, म्हणजे घरोघरी बॉक्स बसवण्याच्या, तिसऱ्या टप्प्यात आपलं शहर आलं. त्या टप्प्याची मूळ मुदत सप्टेंबर २०१४ होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत वाढवली गेली. तेव्हापासून चॅनेलना तीन-चार आकडी नंबर आले, त्यावर गाईड (चॅनेल आणि कार्यक्रमांची यादी) आलं, पॅक आले, मेनूत मेनू आले. हे सगळं पडद्यावर अक्षरांत येतं आणि एक शब्दही बोलत नाही. रिचार्ज संपल्याची सूचना मुकी, सिग्नल गेल्याचा संदेश मुका, ‘हे चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’ हेही मुकं. नुसती शांतता ऐकू आली की यातलं नेमकं काय झालं हे अण्णांना कळायला मार्ग नसतो. अण्णांचे हात आणि स्मरणशक्ती पूर्वीसारखीच आहे. यंत्रानं त्यांच्याशी बोलणं बंद केलं, एवढंच झालं.

बोलणारा टीव्ही म्हणजे वेगळा, महाग टीव्ही असतो का?

नाही. गेल्या काही वर्षांत घेतलेला स्मार्ट टीव्ही असेल तर बोलण्याची सोय बहुधा त्यात आधीपासून आहे, फक्त बंद असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. रिमोटनं ज्या चौकटीवर जाल तिचं नाव तो वाचून दाखवतो. अँड्रॉइड आणि गूगल टीव्हीवर त्याचं नाव टॉकबॅक, सॅमसंगवर व्हॉइस गाईड, एलजीवर ऑडिओ गायडन्स, ॲमेझॉनच्या फायर स्टिकवर व्हॉइसव्ह्यू. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा विभाग शोधायचा, हे त्यात सापडतं.

पहिल्यांदा सुरू करायला डोळस माणसाची मदत लागू नये म्हणून काही शॉर्टकट दिलेले आहेत. फायर टीव्हीच्या रिमोटवर ‘मागे’ आणि ‘मेनू’ ही दोन बटणं एकत्र दोन सेकंद दाबून ठेवली की तो बोलू लागतो. बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींवर ‘मागे’ आणि ‘खाली’ ही बटणं तीन सेकंद दाबावी लागतात. सॅमसंगच्या नव्या मॉडेलांवर आवाजाचं बटण दाबून धरलं की या सोयींची यादी उघडते. यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

टीव्ही बोलायला लागला, पण चॅनेलची यादी काही वाचत नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही, आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच होते, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स ही दोन वेगळी यंत्रं आहेत. बॉक्स एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीला तयार चित्र पाठवतो. त्या चित्रात चॅनेलचं नाव लिहिलेलं असलं तरी टीव्हीच्या दृष्टीनं ती अक्षरं नसतात, रंगीत ठिपके असतात. पत्राचा फोटो दुरून दाखवून ‘वाच’ म्हणावं तशी टीव्हीची अवस्था होते. टीव्ही फक्त स्वतःचा मेनू वाचू शकतो. बॉक्सचा मेनू बॉक्सनंच वाचायला हवा. म्हणजे बोलण्याची सोय बॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये असायला हवी, आणि केबलच्या साध्या बॉक्समध्ये ती नसते.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीनं २०१४ मध्ये बोलणारं गाईड आणलं. तिथल्या नियमांनी २० डिसेंबर २०१६ पासून मोठ्या केबल आणि उपग्रह कंपन्यांना अंध ग्राहकानं मागितल्यास बोलणारा मेनू देणं बंधनकारक केलं. त्यामागे २०१० चा कायदा आहे. त्याच्याही आधी ब्रिटनमध्ये बोलणारे सेटटॉप बॉक्स बाजारात होते. शिवाय बॉक्स कंपनीचा असतो आणि त्याचं सॉफ्टवेअर कंपनी दुरूनच अद्ययावत करते. म्हणजे पुरेशा ताकदीच्या बॉक्समध्ये ही सोय घरबसल्या येऊ शकते. त्यासाठी कंपनीनं मनावर घ्यायला हवं.

मग नवा टीव्ही किंवा बॉक्स घेताना काय बघायचं?

जो वापरणार आहे त्याला दुकानात सोबत न्या. नुसत्या ‘होय, आहे सगळं’ या उत्तरावर पैसे देऊ नका. स्क्रीन रीडर तिथेच सुरू करायला लावा, रिमोट अंध व्यक्तीच्या हातात द्या आणि तीन गोष्टी करून बघा: मुख्य पानावरून एखादं ॲप उघडणं, थेट चॅनेलच्या यादीत फिरणं, आणि परत सेटिंग्जमध्ये जाणं. यातली मधली गोष्टच सहसा अडते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या बॉक्समध्ये ॲपचा भाग छान वाचला जातो, पण थेट टीव्हीचा भाग कंपनीनं स्वतः बांधलेला असतो आणि तो गप्प राहू शकतो. एखादा दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. पंधरा-वीस हजारांची वस्तू घेताना एवढा वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे.

टीव्हीतच उपग्रह ट्यूनर असलेलं मॉडेल मिळालं तर त्याचा जरूर विचार करा. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १८११२ हे २०२२ चं मानक अशाच टीव्हींसाठी आहे. छतावरच्या डिशची वायर थेट टीव्हीत जाते आणि दूरदर्शनच्या फ्री डिशसारखे मोफत चॅनेल बॉक्सशिवाय दिसतात. बॉक्सच नसल्यामुळे चॅनेलची यादी टीव्हीची स्वतःची होते, आणि ती टीव्हीच्या स्क्रीन रीडरनं वाचली जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. सह्याद्री आणि बातम्या एवढ्यावर भागणाऱ्या घराला हा रस्ता सोपाही आहे आणि स्वस्तही.

रिमोट हातात घेऊन चाचपून बघा. पाचच्या आकड्यावर उंच ठिपका हवा, आवाजाची आणि चॅनेलची बटणं आकारानं वेगळी जाणवायला हवीत. अगदी गुळगुळीत, चार बटणांचा रिमोट दिसायला देखणा असतो. अंध माणसाला मात्र आकड्यांचा रिमोटच जवळचा वाटतो.

तो मराठीत बोलेल का?

स्क्रीन रीडरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का हे त्या मॉडेलवरच ऐकून बघा. गूगलच्या आवाज-प्रणालीत मराठी आहे, पण प्रत्येक टीव्हीवर ती दिलेली असते असं नाही. मराठी नसेल तर हिंदी लावा. आजीला इंग्रजी मेनूपेक्षा ‘आवाज़’, ‘पीछे’ हे पटकन कळतं.

नवीन काही घ्यायचं नाही. आहे त्याच केबलवर काय करता येईल?

बरंच काही. घरात लागणारे आठ-दहा चॅनेल निवडा आणि त्यांचे नंबर पाठ करा किंवा ब्रेलमध्ये लिहून ठेवा. ब्रेल येत नसेल तर फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. वर-खाली बटणानं शोधत बसण्यापेक्षा थेट नंबर दाबण्याची सवय लावली की गाईडची गरजच कमी होते. केबलवाल्यानं नंबरांची जुळणी बदलली की हे सगळं कोसळतं, त्यामुळे बदल करण्याआधी फोन करून सांगायला त्याला आग्रहानं सांगून ठेवा. आपल्याकडे केबलवाला गल्लीतलाच असतो, नावानं ओळखतो. ही ओळख इथे कामाला येते.

रिमोटवर रोजच्या लागणाऱ्या दोन-तीन बटणांवर कापड रंगवायच्या (फॅब्रिक) रंगाचा उंच थेंब किंवा छोटी टिकली चिकटवा. सगळ्या बटणांवर खुणा केल्या तर एकही खूण उपयोगाची राहत नाही. बॉक्सचा आणि टीव्हीचा रिमोट वेगळा असेल तर टीव्हीच्या रिमोटला रबर बांधा.

वीज गेली आणि आली की पुष्कळ बॉक्स कंपनीनं ठरवलेल्या चॅनेलवर उघडतात. अनोळखी आवाज ऐकून घाबरायला होतं. दोन-तीन मिनिटं थांबून आपला नंबर दाबायचा, एवढंच.

टीव्हीवरचं ॲप क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतं. तो कुठे आहे ते दिसत नाही.

बहुतेक ॲपमध्ये त्याच पानावर मोबाइल नंबर टाकून किंवा छोटा कोड वापरून आत जाण्याचा पर्याय असतो. टीव्हीवर एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकणं जिकिरीचं असतं. गूगल टीव्ही असेल तर फोनवरच्या गूगल होम ॲपमध्ये रिमोट मिळतो आणि फोनच्या कीबोर्डवरून टाइप करता येतं. फोनवर टॉकबॅक वापरणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. रिचार्जही टीव्हीवरून करण्याच्या भानगडीत पडू नका, फोनवरून करा. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, मदत करणाऱ्या ‘कंपनीच्या माणसाला’ तर मुळीच नाही.

ऑडिओ वर्णन म्हणजे काय?

संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडद्यावर काय घडतंय ते सांगणारा एक जास्तीचा आवाज. समजा मालिकेत कुणी बोलत नाही, फक्त धडधडतं संगीत आहे. डोळस माणसाला काहीतरी घडलेलं दिसतं. वर्णनात एवढंच येतं: ‘मीरा दाराआड उभी. हातातलं पाकीट पदराखाली लपवते. सासूबाई आरशातून बघतात.’ पाच सेकंदांत पुढचे चार भाग समजण्याची सोय झाली.

डिजिटल प्रसारणात हे देणं तसं अवघड नाही. एका चॅनेलसोबत एकापेक्षा जास्त ध्वनिमार्ग जाऊ शकतात. हिंदी-तमिळ-तेलुगू असे भाषेचे पर्याय याच पद्धतीनं मिळतात. वर्णन दोन प्रकारे पाठवतात. एकात मूळ आवाज आणि वर्णन आधीच मिसळलेलं असतं. दुसऱ्यात वर्णन वेगळं येतं आणि घरातला बॉक्स ते मिसळतो, त्या वेळी मूळ आवाज आपोआप थोडा खाली जातो. पहिला प्रकार साध्यात साध्या बॉक्सवरही चालतो, म्हणून आपल्याकडे सुरुवात त्यानंच व्हावी असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्यानं मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमांचा ठरावीक वाटा वर्णनासह दाखवणं भाग पाडलं. अमेरिकेत बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीनं १९९० मध्ये ही सेवा सुरू केली. नेटफ्लिक्सवर ती २०१५ पासून आहे आणि काही हिंदी कार्यक्रमांनाही मिळते. ध्वनी-भाषेच्या यादीत ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ असं लिहिलेलं असतं.

रोजच्या मराठी मालिकांना मात्र हे मिळत नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि पहिला मराठी बोलपट १९३२ साली तिनं याच शहरात तयार केला. लेखक, निवेदक, ध्वनिमुद्रणाची जाण असलेली माणसं इथे आजही आहेत. वर्णन लिहायला प्रचंड यंत्रणा लागत नाही. नेमकं पाहणारा लेखक, स्वच्छ आवाज आणि एक शांत खोली लागते.

तोवर घरच्यांनी कसं सांगावं?

संवाद चालू असताना बोलू नका, मधल्या जागेत बोला. आधी कोण आलं आणि कुठे आहे ते सांगा: ‘शेत. पाऊस. म्हातारा एकटाच.’ मग काय केलं ते. ‘ती दुःखी आहे’ असं सांगण्याऐवजी ‘ती मान खाली घालते’ म्हणा, अर्थ ऐकणारा लावेल. पुढचं आधी फोडू नका. पडद्यावर आलेली पाटी, पत्र, मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवा, तो बऱ्याचदा राहून जातो. आणि सांगायचा कंटाळा आला तर तसं स्पष्ट बोला. ‘काही विशेष नाही’ हे उत्तर सगळ्यात जास्त लागतं, कारण सगळे हसलेले असतात आणि विशेष काय होतं ते एकालाच कळलेलं नसतं.

बाबांना थोडं दिसतं. ते पडद्याला नाक लावून बसतात. डोळे आणखी बिघडतील का?

जवळून टीव्ही बघितल्यानं डोळे बिघडत नाहीत. अंतर निम्मं केलं की चित्र डोळ्याला दुप्पट मोठं दिसतं, म्हणून ते जवळ जातात. त्यांना हटकू नका, खुर्ची नीट लावून द्या. मात्र काचबिंदूमुळे नजर नळीसारखी अरुंद झाली असेल तर उलट असतं. जवळ गेल्यावर चित्राचा तुकडाच दिसतो, थोडं मागे बसल्यावर पूर्ण चित्र नजरेत मावतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला भाग खराब झाला असेल तर चेहरे पुसट होतात आणि कडा बऱ्या दिसतात, अशा वेळी किंचित तिरकं बसून बघणं काहींना जमतं. नेत्रतज्ज्ञांना ‘टीव्ही बघायला कोणतं अंतर बरं’ असं थेट विचारा.

टीव्हीसमोरच्या खिडकीला पडदा लावा, काचेवरची चकाकी हा मोठा शत्रू आहे. सेटिंग्जमध्ये हाय कॉन्ट्रास्ट आणि मेनू मोठा करण्याची सोय बघा. संवाद ठळक करणारा आवाजाचा पर्याय असेल तर तोही लावा. वयानं नजर आणि कान बरोबरच थकतात.

पुराच्या वेळी बातम्या लावतो, पण पाणी किती चढलं ते खालच्या पट्टीवर येतं. ते कसं कळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेनं काय केलं ते आपण पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. त्या दिवसांत फुटांचे आकडे, बंद झालेले रस्ते, निवारा केंद्रं आणि मदतीचे नंबर हे सगळं पडद्याच्या तळाशी सरकत राहतं, आणि निवेदक म्हणतात, ‘पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर संपर्क साधा.’ नदीकाठच्या गल्लीत एकटा राहणारा अंध माणूस तो क्रमांक कसा घेणार?

अमेरिकेत बातम्यांखेरीज इतर कार्यक्रमांवर अशी आणीबाणीची पट्टी आली की तीच माहिती दुसऱ्या ध्वनिमार्गावर बोलून द्यावी लागते. आपल्या स्थानिक वाहिन्यांना तर नवं तंत्र लागतच नाही. आकडा बदलला की निवेदकानं तो बोलावा, फोन नंबर सावकाश दोनदा उच्चारावा, रस्त्याचं नाव घ्यावं. वाहिनीच्या संपादकांना पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, चार-पाच जणांनी मिळून भेटा आणि हे सांगा. तोवर त्या दिवसांत आकाशवाणी लावून ठेवा आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर फोनमध्ये आधीच साठवा.

शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच लोकल चॅनेलवर असते. काहीच पत्ता लागत नाही.

टीव्हीचा समालोचक प्रेक्षकाला दिसतंय असं धरून गप्प राहतो. त्यानं चेंडू कुठे आहे, कुणाकडे आहे आणि स्कोअर काय एवढं सतत सांगितलं तरी खेळ उभा राहतो. पेठेतल्या मंडळाच्या पोरांमार्फत निरोप द्या, समालोचक बहुधा ओळखीतलेच असतात.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४२ नुसार दृक्‌श्राव्य माध्यमांतला आशय सुलभ स्वरूपात मिळावा, ऑडिओ वर्णनाची सोय व्हावी आणि रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशी असावीत, यासाठी सरकारनं उपाय करायचे आहेत. इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि सेवांसाठी आयएस १७८०२ हे सुलभतेचं मानक २०२३ मध्ये या कायद्याच्या नियमांत घेतलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुलभतेचे किमान निकष बंधनकारक असायला हवेत असं सांगितलं, आणि एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

एक खड्डा अजून आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाची टीव्हीसाठीची सप्टेंबर २०१९ ची मानकं कर्णबधिर प्रेक्षकांसाठी आहेत. चित्रपटगृहांसाठीच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दृष्टिबाधितांचाही विचार झाला. घरातल्या टीव्हीवर तसाच स्पष्ट नियम व्हायला हवा, आणि तो मागत राहिलं पाहिजे.

तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, आणि तक्रार क्रमांक नक्की घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. ट्राय ही दूरसंचार आणि प्रसारणाची नियामक संस्था एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, तिथे वेळ घालवू नका. त्यानंतर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे किंवा दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो. अर्जात यूडीआयडी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) क्रमांक, बॉक्सचं मॉडेल, तक्रार क्रमांक आणि नेमकी मागणी लिहा. ‘टीव्ही वापरता येत नाही’ यापेक्षा ‘चॅनेल यादी आणि रिचार्जची सूचना बॉक्सनं बोलून दाखवावी’ हे वाक्य जास्त काम करतं. कार्ड नसेल तर आधी ते काढा. ऑनलाइन अर्ज केल्यावर तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

आईची नजर पंच्याहत्तरीनंतर गेली. तिला आता हे शिकवता येईल का?

येईल, पण एका दिवसात सगळं दाखवू नका. पहिले काही दिवस फक्त चालू-बंद, आवाज आणि एक चॅनेल नंबर. ते हाताला बसल्यावर आणखी दोन नंबर. स्क्रीन रीडर त्यानंतर सुरू करा, नाहीतर सततच्या बोलण्यानं त्या गोंधळतात. शिकवताना रिमोट त्यांच्याच हातात असू द्या, चुकीचं बटण दाबलं तरी काढून घेऊ नका, परत कसं यायचं तेवढं सांगा. बोलण्याचा वेग सुरुवातीला अगदी कमी ठेवा. वेगाचा पर्याय बहुधा ॲक्सेसिबिलिटीच्या विभागातच असतो, सवय झाली की तो वाढवता येतो.